जकात वेगळी

मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता खारेगावची खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यात शिरला, की दुतर्फा भातखाचरे, त्यांच्या पलीकडे खारवट पट्टा आणि त्याच्याही पलीकडे उल्हास नदीच्या खाडीचे संथ पाणी, असे जे चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते मानकोलीच्या नाक्यावर शोधू गेल्यास आज हाती लागत नाही. तेथे दिसतात ती गोडाउने: पत्र्याच्या छपरांची, एकाला एक चिकटलेली, भिंतीवर गाळ्याचा आकडा रंगविलेली, आणि आळीच्या तोंडाशी चाकांनी खोल चर पाडलेली. चाळीस फुटी कंटेनर पाठीवर घेतलेला ट्रेलर त्या अरुंद आळीत मागे घेताना क्लीनर पत्र्यावर तळहाताने थापा मारीत असतो. थापांची लय चालू असेतो ड्रायव्हर निर्धास्त, ती एकाएकी तुटली की ब्रेक.

२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरील जादा आयातजकात आधी शेकडा २५ आणि २७ तारखेपासून शेकडा ५० केली, त्या दिवसांत मी या नाक्यावरच्या एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारच्या बाकावरचा एक तरुण वाहतूकदार आपल्या सोबत्यास हिशेब समजावून देत होता, की शंभर रुपयांचा माल तिकडे धाडला, तर पन्नास रुपये आपल्या व्यापाऱ्याने अमेरिकेच्या सरकारजमा करावयाचे, म्हणजे हा आपल्यावर बसविलेला दंडच. पलीकडे एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांची सारी हयात मुलुंडच्या जकातनाक्यावर दुसऱ्यांचे कागद खिडकीतून आत सरकविण्यात गेली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि इतकेच विचारले, "बाळा, नाक्यावर पैसे कोण मोजायचा? माल धाडणारा, का माल आत नेणारा?"

अमेरिकेच्या अलीकडच्या राजकारणाविषयी आणि अर्थकारणाविषयी जे गैरसमज जगभर रूढ आहेत, त्यांत सर्वांत दृढमूल असा कोणता म्हणाल, तर तो याच प्रश्नाच्या उत्तरासंबंधीचा आहे. गंमत अशी, की तो दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच नांदतो. तिकडच्या मतदारास सांगण्यात येते, की जकात परदेशी देश भरतो आणि आपला खजिना फुकट भरतो. इकडचा माणूस तेच विधान खरे मानून आपला खिसा चाचपतो. वस्तुस्थिती ही, की अमेरिकेच्या बंदरात उतरलेल्या मालावरची जकात तेथील सीमाशुल्क खात्याकडे भरतो तो माल मागविणारा आयातदार, आणि तो बहुधा अमेरिकेतलाच व्यापारी असतो. पुढे तो भार कोणाच्या माथी जातो हा निराळा, आणि अधिक मनोरंजक, विषय. तो उलगडून दाखविण्यास मानकोलीइतके योग्य ठिकाण मला तरी ठाऊक नाही, कारण हे गोडाउनांचे नगर एका जकातीच्या हद्दीनेच वसविले आहे.

परंतु त्याआधी थोडे मागे जाणे प्राप्त आहे. कल्याण आणि भिवंडी ही खाडीकाठची जुनी व्यापारी ठाणी. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ती आदिलशाहीकडून घेतली. माल साठविण्याच्या जागेला त्या काळचा मराठी शब्द ‘वखार’. इंग्रजांचीही राजापुरात वखारच होती, आणि आपले सरकारी महामंडळ आजतागायत वखार महामंडळ म्हणूनच नांदते. मानकोलीत मात्र वखार म्हटल्यास लाकडाची समजतात. त्याच शिवकालातले, १६७१ चे, कुडाळच्या सुभेदारास गेलेले एक पत्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि स्वराज्यातले, संगमेश्वराकडचे मीठ विकेनासे झाले, तेव्हा महाराजांनी हुकूम केला, की बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवावी, की ते आपल्या मिठाहून स्वस्त पडू नये. या आज्ञेत फिरंगी पैसे भरील असा भ्रम कोठेही नाही. जकात बसली की बाजारात मीठ महाग होईल, आणि ते महाग व्हावे हाच हेतू आहे, हे त्यात उघड धरलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दरबाराला जी गोष्ट निःसंदिग्ध कळली होती, ती आज नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर तज्ज्ञ बोलावून समजावून घ्यावी लागते.

पुढे कंपनी सरकारचा अंमल आला. मालावरच्या खुष्कीच्या जकाती ठिकठिकाणी द्याव्या लागत. मुंबई इलाख्यात त्या १८३८ साली रद्द झाल्या, आणि १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरांतली जकात, मोहतर्फा हा धंदेकर, बलुत्यांवरचे कर हेही गेले. परंतु सरकारचा हात एका खिशातून निघतो तो दुसऱ्यात शिरण्यासाठीच. खुष्कीची जकात उठविताना तिची भरपाई म्हणून १८३७ च्या कायद्याने मिठावर मणामागे ८ आण्यांचा कर बसला, १८४४ साली तो वाढविण्यात आला, आणि त्यावरून सुरतेस दंगाही झाला. ठाणे जिल्ह्याच्या खाड्यांवर मिठागरांची रांग होती. मिठाच्या वाफ्यांत राबणारा आगरी हा या कराचा पहिला साक्षीदार. व्यापाऱ्याच्या गाडीवरून उतरलेला कर कुळाच्या कालवणात गेला. आमच्या इतिहासग्रंथांत पहिली हकीकत सुधारणा म्हणून येते आणि दुसरी दुसऱ्या प्रकरणात येते, यामुळे दोहोंचा सांधा वाचकाच्या लक्षात येत नाही.

करांचे हे असे सरकत जाणे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारा ग्रंथ अमेरिकेतच लिहिला गेला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक एडविन सेलिग्मन यांनी १८९२ साली करसंक्रमण आणि करभार यांवर आपला प्रसिद्ध प्रबंध छापला. कर ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर पडतो तो कराघात, आणि हातोहात सरकत शेवटी ज्याच्या पदरी तो उतरतो तेथे करभार, हा भेद आज पदवीच्या परीक्षेत दोन गुणांना विचारतात. १९१३ च्या जुलैत बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरलेले भीमराव आंबेडकर याच सेलिग्मनांचे विद्यार्थी झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च हा त्यांच्या १९१५ च्या एम. ए. च्या निबंधाचा विषय, आणि १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथास प्रस्तावना सेलिग्मनांची. ज्या वर्षी आंबेडकर तेथे पोहोचले, त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने घटनादुरुस्ती करून प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास दिला, आणि ऑक्टोबरात आयातजकाती उतरविणारा व प्राप्तिकर आणणारा कायदा झाला. सेलिग्मन या प्राप्तिकराचे मोठे पुरस्कर्ते. जकात गरिबाच्या गरजेच्या वस्तूंवर बसते आणि त्याच्या मिळकतीच्या मानाने अधिक काढून घेते, ही तक्रार त्या वादाच्या मुळाशी होती. मुंबई इलाख्यातून गेलेला हा विद्यार्थी त्या शहरात आला तो नेमक्या या संधिकाळात, ही घटना मला चरित्रकारांनी दिली आहे त्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

येथे दुसरा गैरसमज आडवा येतो. अमेरिका म्हणजे जन्मापासून खुल्या व्यापाराचा देश, आणि जकातीचे हे वेड नवीन, अशी सुशिक्षितांची समजूत आहे. ती फक्त गेल्या शतकाच्या उत्तरार्धास लागू पडते. प्रेसिडेंट वॉशिंग्टनने सही केलेल्या अगदी आरंभीच्या कायद्यांपैकी एक, १७८९ च्या ४ जुलैचा, आयातजकातीचाच होता. १७९१ साली त्याचा अर्थमंत्री हॅमिल्टन याने देशी कारखानदारीच्या संरक्षणाचा अहवाल लिहिला. आणि यादवी युद्धापर्यंत तेथील मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग बंदरांवरच गोळा होत असे. आमच्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यास डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्रजांच्या खुल्या व्यापाराच्या सिद्धान्तास त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्टच्या जोडीने ज्यांच्या विचारांचा आधार घेऊन उत्तर दिले, त्यांत अमेरिकेचे हॅमिल्टन आणि केरी आहेत. मँचेस्टरच्या सोयीसाठी १८८२ साली हिंदुस्थानातली कापडावरची आयातजकात काढली होती. १८९६ साली विलायती कापडावर शेकडा साडेतीन ठेवून तेवढाच कर येथल्या गिरण्यांच्या कापडावरही बसविला, तो १९२५ च्या डिसेंबरापर्यंत चालला. त्यातून हातमाग सुटला होता, आणि हातमागावर तेव्हाची मोमिन विणकरांची भिवंडी उभी होती.

जकातीस श्रेय जसे फुकटचे मिळते तसा दोषही. १८६१ चे अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीवरून झाले नसून जकातीवरून झाले, असे सांगणारे आजही भेटतात. मुंबईच्या माणसास त्या युद्धाची आठवण निराळ्या कारणाने आहे: दक्षिणेचा कापूस कोंडला, येथला सोन्याच्या भावाने गेला, बॅकबेच्या शेअरांवर उड्या पडल्या आणि १८६५ साली शांतता होताच अर्धे शहर बुडाले. पण कारणाचे म्हणाल तर तारखाच बोलतात. मॉरिल यांचा जबर जकातीचा कायदा सहीला गेला २ मार्च १८६१ रोजी, आणि त्यापूर्वीच सात राज्ये फुटून निघाली होती. आपण का निघालो याची जी जाहीर कैफियत त्यांपैकी काहींनी लिहून ठेवली, तिच्यात गुलामगिरीचे रक्षण हे कारण निःसंकोच नमूद आहे. तसेच १९३० च्या महामंदीचे. स्मूट आणि हॉली यांच्या जकातीच्या कायद्याने मंदी आणली, असे पाठ्यपुस्तकी वाक्य आहे. पण शेअरबाजार कोसळला १९२९ च्या ऑक्टोबरात, आणि तो कायदा झाला १७ जून १९३० ला. हजारांहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी, नेमके म्हणजे १,०२८ जणांनी, प्रेसिडेंट हूव्हरसाहेबांस तो नाकारण्याची विनंती केली होती. त्याने कॅनडादी देशांस चिडवून दुखणे वाढविले. दुखणे मात्र आधीचे होते.

आता मानकोली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या गावाच्या आणि शेजारच्या दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी या गावांच्या खाचरांवर गोडाउने का उगवली, याचे कारण विचारल्यास जो तो रस्त्याकडे बोट दाखवितो. रस्ता होताच, आणि १९८९ पासून न्हावाशेव्याचे बंदरही टप्प्यात आले. पण मुख्य कारण मुलुंडला होते. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत माल शिरला, की नाक्यावर जकात भरल्यावाचून चाक पुढे सरकत नसे. व्यापाऱ्याने शंभर पेट्या मशीद बंदरच्या गोदामात उतरविल्या, तर त्यांतल्या साठ पुढे नाशिकला किंवा गुजरातेत जावयाच्या असल्या तरी शंभरांची जकात आधी मोजावी, आणि मग बाहेर नेलेल्या मालाच्या परताव्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात. त्यापेक्षा हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत, स्वस्त जमिनीवर, माल ठेवावा आणि मुंबईचे गिऱ्हाईक निघेल तेवढाच आत न्यावा, हा हिशेब करावयास सेलिग्मनांचा ग्रंथ लागत नव्हता. भाताच्या एकरावर जे वर्षाकाठी हाती येई ते गाळ्याच्या भाड्यात महिन्याला येऊ लागले. काहींनी जमीन विकून टाकली, काहींनी राखून गाळे काढले; आज एकाच भावकीतली दोन घरे शेजारी पाहिली, की कोणी काय केले हे दारातल्या गाडीवरून ओळखता येते.

आणि पैसे कोणी भरले? नाक्यावर मोजले ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसाने; त्याने ते मुंबईच्या दुकानदाराच्या बिलात चढविले; दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या. माझ्या वडिलांनी पंखा घेतला तेव्हाचे एका दुकानाचे दरपत्रक आमच्या घरी पुष्कळ दिवस होते. त्याच्या तळाशी, सर्वांत बारीक टाइपात, ‘भाव पूर्वसूचनेवाचून बदलतील’ या ओळीखाली दोनच शब्द होते: ‘जकात वेगळी’. मानकोलीच्या गोडाउनातून पंखा धाडणाऱ्याच्या खिशातून त्या जकातीचा छदामही गेला नव्हता. मुंबई महानगरपालिकेच्या तिजोरीत अखेरच्या वर्षांत जकातीचे जे सात हजार कोटींच्या घरातले उत्पन्न जमा होई, ते भिवंडीने मुंबईस दिलेली खंडणी होती असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. तरी अमेरिकेच्या बाबतीत तेच वाक्य आपण निःशंक उच्चारतो.

याचा अर्थ माल पाठविणाऱ्याचे काहीच जात नाही असा मात्र करू नये. वस्तू महागली की तिची मागणी आटते, आणि तुटलेल्या मागणीचा फटका धाडणाऱ्याला बसतोच. सोलापूरचे टर्किश टॉवेल अमेरिकेस जातात. तेथला खरेदीदार अशा जकातीच्या बोजाखाली ‘भावात काही सोडा’ म्हणून अडून बसला, किंवा सरळ दुसऱ्या देशाकडे वळला, तर सोलापुरातल्या यंत्रमागाची पाळी बंद पडेल. ती हानी खरी आहे. फक्त ती कराचा भरणा नव्हे, गिऱ्हाईक गमावल्याची खोट आहे. टपरीवरच्या त्या तरुणाची भीती रास्त होती, हिशेब तेवढा चुकला होता.

२०१८ साली अमेरिकेने परदेशी मालावर ज्या जकाती चढविल्या, त्यांचा तेथल्याच अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने पडताळा घेतला, आणि जवळजवळ सगळा बोजा अमेरिकेतील आयातदारांवर व गिऱ्हाइकांवर पडला असा निष्कर्ष काढला. त्यातली धुलाईयंत्रांची कथा तर मासलेवाईक आहे. जकात बसली धुण्याच्या यंत्रावर. ते सुमारे ८६ डॉलरांनी महागले. पण त्याच्या जोडीने विकले जाणारे कपडे वाळविण्याचे यंत्र, ज्यावर जकात नव्हतीच, तेही ९२ डॉलरांनी महागले, कारण तेथे दोन्ही जोडीनेच घेण्याची रीत आहे आणि दुकानदाराने वाढ दोहोंवर वाटून टाकली. देशी कारखान्यांत सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्या खऱ्या, परंतु गिऱ्हाइकांनी जादा मोजलेली रक्कम मांडली तर एकेका नोकरीमागे ८ लाख डॉलरांहून अधिक पडले.

प्रेसिडेंटच्या मर्जीस येईल तेव्हा जकात बसते, ही समजूतही अशीच अर्धवट. तेथील राज्यघटनेने जकात बसविण्याचा अधिकार दिला आहे तो काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या विधिमंडळास. त्या मंडळाने १९३४ पासून एकामागून एक कायदे करून आपला अधिकार थोडाथोडा प्रेसिडेंटच्या हवाली केला, आणि १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन जेव्हा तो सरसकट वापरण्यात आला, तेव्हा २०२५ च्या मे महिन्यात तिकडच्या व्यापारविषयक न्यायालयाने त्यावर आक्षेप नोंदविला. मुखत्यारपत्र दिलेल्या पुतण्याने सातबाराच फिरवावा, आणि मग काकांनी तहसील कचेरीत धाव घ्यावी, असा हा प्रकार. भिवंडी तालुक्यात त्याचे अधिक स्पष्टीकरण नको.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. मुलुंडच्या नाक्यावरच्या रांगा दुसऱ्या दिवशी नाहीशा झाल्या. त्या वेळी पुष्कळांनी भाकीत केले, की ज्या हद्दीमुळे ही गोडाउने बाहेर आली ती हद्दच पुसली, तेव्हा माल परत शहरात जाईल आणि मानकोलीचे पत्रे गंजतील. घडले ते उलट. पूर्वी विक्रीकराच्या भानगडीमुळे कंपन्या राज्याराज्यांत लहानलहान कोठारे ठेवीत. ती मोडून त्यांनी एकेक अवाढव्य कोठार काढले, आणि त्यांतली कित्येक याच पट्ट्यात आली. रस्ता, जमीन, हमाल, ट्रक, गॅरेज, खानावळ असे सगळे एकदा एका ठिकाणी जमले, की मूळ कारण उठून गेले तरी ते विखरत नाही.

अमेरिकेतल्या आणखी एका समजुतीकडे मी याच अनुभवाने पाहतो. जकाती बसविल्या की गेलेले कारखाने परत येतील, असे तेथे म्हणतात. आणि त्याच्या पोटात दुसरे गृहीत असते, की अमेरिकेत आता काही बनतच नाही. कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ च्या जूनमध्ये सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या, त्या २०१० च्या आरंभी १ कोटी १५ लाखांवर आल्या, हे खरे. पण त्या अवधीत तेथे तयार होणाऱ्या मालाचे मोल वाढले, आणि कारखानदारीत तो देश आजही चीनच्या खालोखाल आहे. माणसे गेली त्यांतली बरीच यंत्रांनी घालविली. ज्या पेटीने हे सारे सोपे केले ती कंटेनरची पेटीही अमेरिकनच. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या एका जुन्या तेलवाहू जहाजावर चढवून धाडल्या, तेव्हा बंदरावरच्या हमालांना त्यात आपले मरण दिसले आणि ते फारसे चुकले नाहीत. मानकोलीत मात्र पेटी उघडली, की आतला माल आजही पुष्कळदा माथाडीच्या पाठीवरूनच खाली उतरतो.

२०२५ च्या एप्रिलात एक बातमी आली होती. ज्या अमेरिकन कंपनीची पार्सले आज या तालुक्याच्या गोडाउनांतूनही फिरतात, ती अ‍ॅमेझॉन आपल्या संकेतस्थळाच्या एका विभागात वस्तूच्या किमतीशेजारी जकातीचा आकडा निराळा दाखविण्याच्या विचारात आहे, असे प्रसिद्ध झाले. व्हाइट हाउसने त्यास शत्रुत्वाचे कृत्य म्हटले, आणि कंपनीने त्याच दिवशी खुलासा केला, की तसा विचार निघाला होता, पण तो मंजूर झाला नव्हता. मी ती बातमी पुढे कधीतरी टपरीवरच्या त्या गृहस्थांना सांगितली. त्यांनी सावकाश चहा संपविला. "आमच्याकडे छापील असायचं," ते म्हणाले, "बिलाच्या खाली."